एकत्र राहिलाच नाहीत, तरी जोडीदार व्हिसा: कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्यांसाठी

जोडीदार परदेशात, आपण कोल्हापुरात. लग्न ठरलंय किंवा नुकतंच झालंय, आणि एका छताखाली राहणं झालं असेल तर सुट्टीपुरतं. अशा जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आम्ही कधी एकत्र राहिलोच नाही, मग व्हिसा देतील का?

देतात. ठरवून केलेल्या लग्नात नवरा-बायको लग्नाआधी एका घरात राहत नाहीत, हे भारतातले अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. जोडप्याचं लग्न झालंय की फक्त ठरलंय, हेच कागदांवरून कळत नाही. नोंदणी एका तारखेची, पत्रिका दुसऱ्या तारखेची, फोटो तिसऱ्याच कार्यक्रमाचे आणि अर्जात लिहिलंय ‘अविवाहित’. म्हणून या लेखात मी देशांच्या यादीपेक्षा या मुद्द्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

पायरी १: तिकडच्या माणसाचा दर्जा नेमका विचारा

‘मुलगा अमेरिकेत सेटल आहे’ एवढ्यावर आपल्याकडे सुपारी फुटते. व्हिसासाठी ते पुरत नाही. तो नागरिक आहे, कायमचा रहिवासी म्हणजे पीआर किंवा ग्रीन कार्डवाला आहे, नोकरीच्या व्हिसावर आहे की शिकायला गेलाय, त्यावर तुमचा मार्ग ठरतो. मुलगी तिकडे असेल आणि मुलगा इकडे, तरी हिशेब तोच.

नोकरीच्या व्हिसावर असलेल्याचा जोडीदार बहुधा अवलंबित म्हणून जातो. अमेरिकेत एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, पण त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. जर्मनीत कुटुंब-पुनर्मिलन व्हिसाला साधारणपणे जर्मन भाषेची ए१, म्हणजे अगदी सुरुवातीची, पातळी लागते, मात्र ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. कॅनडानं जानेवारी २०२५ पासून विद्यार्थी आणि कामगारांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या ओपन वर्क परमिटचे, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्याचे, नियम बरेच आवळले आहेत. तेव्हा ‘वहिनीला लगेच काम करता येईल’ हे कुणाच्या तोंडून ऐकून ठरवू नका. बैठकीत मामा-काकांसमोर हे विचारायला संकोच वाटत असेल तर नंतर फोनवर विचारा, पण याद्या होण्याआधी विचारा.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: त्यानं पीआरचा अर्ज केलाय का, आणि त्यात वैवाहिक स्थिती काय लिहिली आहे? कॅनडात पीआर मिळण्याच्या वेळी असलेला जोडीदार जाहीर केला नाही, तर पुढे त्याच जोडीदाराला कुटुंब वर्गात स्पॉन्सर करण्याचा मार्ग सर्वसाधारणपणे बंद होतो. ‘पीआर येईपर्यंत कुणाला सांगू नका, गुपचूप उरकून घेऊ’ असा सल्ला कुणी दिला तर तो तिथेच उडवून लावा.

पायरी २: लग्न झालंय की ठरलंय, हे पक्कं करा

इथे आपल्या भागातल्या रीतीच आडव्या येतात.

पहिली रीत: साखरपुड्यातच लग्न. सुपारीला जमलेले पाव्हणे, दोन्हीकडची मंडळी राजी, भटजी हजर, हॉल बुक केलेलाच आहे, मग त्याच मांडवात अक्षता टाकून मोकळं व्हायचं. खर्च वाचतो, चांगली प्रथा आहे. पण त्या दिवसापासून तुम्ही विवाहित आहात. हिंदू विवाह कायद्यानुसार दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की लग्न होतं. रूढीत सप्तपदी असेल, तर सातव्या पावलाला ते पूर्ण होतं. हा कायदा जैन, बौद्ध आणि शिखांनाही लागू आहे. नोंदणी झालेली नाही म्हणून ‘अजून लग्न झालं नाही’ असं म्हणता येत नाही. त्यानंतर वाग्दत्त, म्हणजे लग्न ठरलेला जोडीदार, म्हणून अर्ज केला तर तो चुकीच्या वर्गात जातो.

अमेरिकेच्या के-१ व्हिसात याचा त्रास ठळक दिसतो. हा व्हिसा फक्त अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदारासाठी आहे. मुलाखतीला नेलेल्या अल्बममध्ये हार, मुंडावळ्या, मंगळसूत्र आणि पाचशे माणसांची पंगत दिसली, की अधिकारी विचारणारच, हे लग्न नाही तर काय आहे? तेव्हा के-१ घ्यायचा असेल तर साखरपुडा साखरपुड्यासारखाच करा: अंगठी, साडी, पेढे आणि बस्स.

दुसरी रीत याच्या उलट: आधी कागद, मग कार्य. मुलगा पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतो, मंगल कार्यालय पुढच्या मे महिन्यातलं मिळालेलं असतं. मग घरचे म्हणतात, आता फक्त रजिस्टर करून टाकू, व्हिसाचं सुरू होईल, लग्न सावकाश करू. यात एक खड्डा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये एका निकालात स्पष्ट केलं की, हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं नोंदणी प्रमाणपत्र घेतलं तर ते लग्न वैध ठरत नाही. व्हिसाच्या सोयीसाठी आधी नोंदणी आणि नंतर समारंभ करण्याच्या पद्धतीचा उल्लेखही त्या निकालात आहे. म्हणजे व्हिसासाठी ज्या कागदावर सगळी भिस्त ठेवायची, तोच कागद पोकळ निघू शकतो.

यातून बाहेर पडायचे सरळ रस्ते दोन. एक, घरच्या घरी किंवा देवळात मोजक्या माणसांत खरे विधी करा, त्याच तारखेनं नोंदणी करा आणि मे महिन्यात स्वागत समारंभ करा. दुसरा, विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करा. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर होणारं लग्न हेच लग्न, विधींची गरज नाही. माझं मत विचाराल तर सुट्टी कमी असताना पहिला रस्ता सोपा पडतो. आंतरधर्मीय जोडप्यांनी दुसरा घ्यावा, आणि जोडीदार परदेशी वंशाचा असेल तरीही तोच.

आणि तिसरी, ही आता नवीच निघालीय: नवरदेव मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर आणि नवरी इकडे मांडवात. निकाहाच्या बाबतीतही हे ऐकू येतं. दोघं एका जागी हजर नसलेलं असं लग्न कॅनडा जून २०१५ पासून इमिग्रेशनसाठी मानत नाही. अमेरिका तेव्हाच मानते, जेव्हा त्यानंतर दोघं प्रत्यक्ष भेटून वैवाहिक संबंध आलेला असतो. तिकीट महाग वाटलं तरी लग्नाला या.

पायरी ३: कोल्हापुरात नोंदणी

महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. उशीर झाला तर दंड भरून होते. शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे. वर-वधू, तीन साक्षीदार, लग्नविधी लावणाऱ्याची सही, लग्नाचे फोटो, पत्रिका, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, एवढा लवाजमा लागतो. भटजी किंवा काझी यांच्या सहीसाठी नंतर धावाधाव नको, त्याच दिवशी अर्जावर सही घेऊन ठेवा. परदेशातला जोडीदार परत जायच्या आत हे उरकायचं असतं, म्हणून तारीख आधी विचारून ठेवा.

विशेष विवाह कायद्याचं वेळापत्रक वेगळं आहे. दोघांपैकी एकानं जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य केलेलं हवं. म्हणजे इचलकरंजीची मुलगी आणि टोरांटोचा मुलगा असेल तर मुलीच्या पत्त्यावर विवाह अधिकाऱ्याला नोटीस, म्हणजे लग्न करणार असल्याची लेखी सूचना, देता येते. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. नोटीस ऑनलाइन देण्याची सोय नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आहे. जोडीदार परदेशी नागरिक असेल तर त्याच्या देशाच्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचा दाखला किंवा ना-हरकत लागते, ती त्यानं निघण्याआधीच मार्गी लावावी. आधीचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यू दाखला जवळ ठेवा.

प्रमाणपत्र हातात पडलं की स्पेलिंग अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. आपल्याकडे नावाच्या मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं, आणि आडनाव पाटील की पाटील-अमुक. व्हिसासाठी नाव बदलणं बंधनकारक नाही. बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट नव्यानं घ्या, मगच अर्ज. अर्धे कागद माहेरच्या नावावर आणि अर्धे सासरच्या, असं झालं तर प्रत्येक पत्रव्यवहारात खुलासा करत बसावं लागतं. घरात सासूबाईंचा आग्रह असेल तर त्यांना सांगा, नाव व्हिसा आल्यावरही बदलता येतं.

पायरी ४: देश आणि वर्ग

ऑस्ट्रेलिया आधी घेतो, कारण ‘एकत्र राहिलो नाही’ हा प्रश्न तिथे सगळ्यात जास्त घाबरवतो. लग्न झालेलं असेल तर भारतातून ३०९/१०० हा व्हिसा. आधी तात्पुरता, मग सर्वसाधारणपणे अर्जापासून दोन वर्षांनी कायमचा. तिथला कायदा म्हणतो की जोडपं एकत्र राहत असावं, किंवा कायमचं विभक्त राहत नसावं. नोकरीपायी, व्हिसापायी वेगळं राहणं म्हणजे कायमचं विभक्त राहणं नव्हे. लग्नाशिवाय ‘डी फॅक्टो’ म्हणून अर्ज करायचा तर एरवी १२ महिन्यांचं तसं नातं दाखवावं लागतं, आणि फक्त फोनवर बोलणाऱ्या प्रेमी जोडप्याला ते दाखवणं जड जातं. लग्न ठरलं असेल, पण झालं नसेल, तर ३०० नंबरचा व्हिसा. दोघं १८ वर्षांचे झाल्यावर एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. व्हिसाच्या मुदतीत लग्न करायचं आणि मग तिथूनच पुढचा जोडीदार व्हिसा मागायचा. फी मात्र डोळे पांढरे करणारी आहे: १ जुलै २०२५ पासून मुख्य अर्जदाराला ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि दर जुलैत ती वाढते. नाकारला तरी परत मिळत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाचा अर्ज पुरावे गोळा झाल्यावरच भरा.

ब्रिटनमध्ये खरी कसोटी पैशांची. एप्रिल २०२४ पासून तिकडच्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला किमान २९,००० पौंड हवं, किंवा त्याऐवजी ८८,५०० पौंडांची बचत. जोडपं प्रत्यक्ष भेटलेलं असावं लागतं, एकत्र राहिलेलं असण्याची अट पती-पत्नीला नाही. इंग्रजीची ए१ पातळी बोलण्या-ऐकण्यापुरती लागते. शिवाजी विद्यापीठाची पदवी इंग्रजी माध्यमातून घेतली असेल तर परीक्षेऐवजी तिचं मूल्यांकन करून घेण्याचा पर्याय आहे. वाग्दत्त व्हिसा सहा महिन्यांचा, त्यावर काम करता येत नाही आणि लग्नानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा फी. दोनदा पैसे घालण्यापेक्षा इथे लग्न करून जाणं स्वस्त पडतं. जानेवारी २०२४ पासून अविवाहित जोडीदाराच्या व्याख्येत दोन वर्षं एका घरात राहण्याची सक्ती उरलेली नाही, पण लग्नासारखं नातं किमान दोन वर्षांचं आहे हे दाखवावं लागतं.

अमेरिकेत नागरिकाची बायको किंवा नवरा असाल तर तिकडच्या जोडीदारानं भरायच्या आय-१३० अर्जापासून सुरुवात. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत प्रवेश मिळाला तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड. जोडीदार ग्रीन कार्डवाला असेल तर वर्ग वेगळा, त्यात रांग असते. के-१ साठी अर्जाआधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट आणि तिथे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न. आपल्याकडे लग्नाआधी भेटू देत नाहीत, हे कारण कायद्यात अपवाद म्हणून आहे खरं, पण त्यावर विसंबू नका. एकदा भेटाच. इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मुंबईत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, होते.

कॅनडात वाग्दत्तांसाठी वर्गच नाही. लग्न करा, किंवा १२ महिने सलग एकत्र राहून ‘कॉमन-लॉ’ व्हा. तिसरा ‘कॉन्जुगल’ नावाचा वर्ग आहे: किमान एक वर्षाचं नातं, पण काही अडथळ्यामुळे लग्नही करता येत नाही आणि एकत्र राहताही येत नाही, अशांसाठी. ‘तिकीट परवडत नाही’ किंवा ‘घरचे नंतर करू म्हणतात’ हा तो अडथळा नव्हे.

न्यूझीलंडची तऱ्हा वेगळी. तिथे जोडीदार व्हिसाला एकत्र राहणं खरोखर मोजतात. पण मध्यस्थांनी ठरवलेल्या लग्नांसाठी त्यांच्याकडे वेगळा व्हिजिटर व्हिसा आहे. त्यावर जाऊन एकत्र राहायला लागायचं आणि मग पुढचा अर्ज. तुमचं कॉलेजातलं प्रेम असेल तर हा तुमच्यासाठी नाही, आत्याला मध्यस्थ दाखवून उपयोग नाही.

समलिंगी जोडप्यांसाठी थोडं स्वतंत्र. ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही भारतात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाही, म्हणजे इथे लग्न करून जाण्याचा रस्ता बंद. पण वर सांगितलेले वाग्दत्त व्हिसे, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा ३००, अमेरिकेचा के-१ आणि ब्रिटनचा, त्यांना खुले आहेत. कॅनडाच्या कॉन्जुगल वर्गातही हा अडथळा खरा अडथळा म्हणून मांडता येतो. घरी सांगितलेलं नसेल तर नातेवाइकांच्या पत्रांऐवजी मित्रांची पत्रं द्या आणि कारण निवेदनात लिहा.

पायरी ५: लांबून पुरावा कसा उभा करायचा

ऑस्ट्रेलिया नातं ज्या चार खांबांवर तपासतं, ते कुठल्याही देशाला चालतात: पैसा, घर, समाज आणि बांधिलकी.

घर नाही, हे कबूल करून टाका. त्याऐवजी लग्नानंतर एकत्र काढलेले दिवस दाखवा: सासरी राहिलात, ज्योतिबा-अंबाबाईला जाऊन आलात, पन्हाळ्याला हॉटेलात दोघांच्या नावानं खोली घेतली. पुढे कुठे राहणार, भाड्याचं घर की दिराकडे, तेही लिहा.

पैशात बँकेतून बँकेत गेलेली रक्कम बोलते. रोख दिलेल्या पैशांचा माग राहत नाही. रक्कम मोठीच हवी असं नाही. विम्याच्या आणि बँक खात्याच्या नामनिर्देशनात जोडीदाराचं नाव घाला. पीएफचं लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर तसंही रद्द होतं, नवीन करावंच लागतं. ते करा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा. फुकटात मिळणारा चांगला पुरावा आहे आणि बहुतेकांना तो सुचत नाही.

समाजाचा पुरावा आपल्याकडे भरपूर. पत्रिकेत दोन्हीकडची नावं छापलेली असतात, कार्यालयाची पावती असते, फोटोग्राफरचं बिल असतं. फोटो हजार देऊ नका. वीस-पंचवीस निवडा, प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. त्यात फक्त स्टेजवरचे नकोत, स्वयंपाकघरातले, रंकाळ्यावर भेळ खातानाचे, आजीशेजारी बसलेलेही असू द्या. ऑस्ट्रेलियाला नातं ओळखणाऱ्या दोघांची ८८८ फॉर्मवरची निवेदनं लागतात. ती ऐकीव मजकुराची नकोत. ‘ते सुखी आहेत’ यापेक्षा ‘दिवाळीत तो घरी आला तेव्हा मी दोघांना स्टेशनवर आणायला गेलो होतो’ हे वजनदार.

बांधिलकी दिसते ती एकमेकांशी बोलण्यातून, पण व्हॉट्सअ‍ॅपची सगळी चॅट छापू नका. ओळख झाल्यापासून आजपर्यंत दर महिन्याची एक-दोन पानं आणि कॉलची नोंद, तारखा दिसतील अशी. रोज तासभर व्हिडिओ कॉल असेल तर चॅट कमीच असणार, ते निवेदनात एका ओळीत सांगा. मराठीतल्या संवादाचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि कोल्हापुरी शिव्यांचं भाषांतर करणाऱ्यालाही घाम फुटतो, म्हणून पानं निवडताना जरा बघून.

मग निवेदन. दोघांनी वेगवेगळं लिहायचं: स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा कुठे बोललात, कुणी आधी होकार दिला, लग्नाच्या तारखा दोन असतील तर का, पुढचा बेत काय. एकाच्या निवेदनाची नक्कल दुसऱ्यानं केली की दिसून येतं. काही रिकाम्या जागा असतील, जसं वय किंवा धर्म यातला मोठा फरक, भेटीनंतर आठ दिवसांत लग्न, सासरच्या कुणाची गैरहजेरी, तर त्या स्वतःच भरून काढा. प्रश्न विचारायची वाट बघू नका.

पायरी ६: अर्ज, धावपळ आणि थांबणं

पोलीस दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो. कोल्हापूर पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. पोलीस पडताळणीला घरी कोणीतरी असेल असं बघा, आणि दाखला फार आधी काढू नका, त्याला मुदत असते. वैद्यकीय तपासणी त्या त्या देशानं मान्य केलेल्या डॉक्टरांकडेच. ब्रिटनला क्षयरोगाची चाचणी लागते. या कामांसाठी आणि बोटांच्या ठशांसाठी पुणे-मुंबईची वारी धरून चाला. सकाळच्या वेळेला मुंबईत हजर राहायचं असेल तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, पण गाडी उशिरा आली तर अपॉइंटमेंट जाते. एक दिवस आधी पोचून पाव्हण्यांकडे मुक्काम केलेला बरा.

मुलाखत झाली तर साधे प्रश्न येतात. नवरा नेमकं काय काम करतो, घरात कोण कोण, सासूबाईंचं नाव, शेवटची भेट कधी. पाठ करून गेलेला माणूस पहिल्याच उलट प्रश्नाला अडखळतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

एजंट नेमायचा असेल तर तो त्या देशाच्या नियामकाकडे नोंदलेला आहे का, हे नंबर मागून ऑनलाइन तपासा: ऑस्ट्रेलियासाठी एमएआरएन (एजंटचा नोंदणी क्रमांक), कॅनडासाठी आरसीआयसी (परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार). ‘शंभर टक्के गॅरंटी’ असा बोर्ड लावलेल्या ठिकाणी पायरी चढू नका. अर्जाचा लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, कारण तुमच्या नावावर खोटा कागद जोडला गेला तर त्याचे परिणाम तुम्हालाच भोगावे लागतात. साध्या, सरळ लग्नाच्या अर्जाला एजंटची गरज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी नकार आलेला असेल, घटस्फोटाचं प्रकरण चालू असेल किंवा गुन्ह्याची नोंद असेल, तिथे मात्र जाणत्या वकिलावर खर्च करा.

अर्ज भरल्यावर महिने जातात, देशानुसार वर्षही. त्या काळात पत्ता, पासपोर्ट, नोकरी बदलली किंवा बाळाची चाहूल लागली, तर कळवायचं. पैसे पाठवणं, फोन, भेटी थांबवायच्या नाहीत आणि त्यांचे पुरावे एका फोल्डरमध्ये तारखेनुसार टाकत राहायचं. सुट्टी मिळाली तर तिकडच्यानं इकडे यावं, ते सोपं. इकडच्यानं टुरिस्ट व्हिसावर तिकडे जायचं असेल तर अर्जात जोडीदार व्हिसाचा अर्ज चालू असल्याचं खरं खरं लिहावं लागतं, आणि परत येणार याची खात्री पटेल असे कागद, नोकरीचं रजापत्र किंवा कॉलेजचा दाखला, सोबत जोडावे लागतात.